पहिल्या हुरड्याचं आवतण

शनिवारी भर दुपारी विजयमाला खलबत्त्यात लसणाची चटणी कुटत होती आणि लोणी काळभोरहून आत्यासासूंचा फोन आला. मथुराबाई फोनवर नेहमी ओरडूनच बोलायच्या. यंत्राचा काय भरवसा, आवाज पोचायला तर हवा, असं त्यांचं म्हणणं.

"अगं विजे, उद्या किती वाजता निघू? आमची दहा-बारा माणसं होत्यात. नातसुनांनी हुरडा कधी बघितलाच न्हाई म्हणं!"

"कुठं येताय आत्या?"

"कुठं म्हंजी? तुझ्या शेतावर! गेनबा परवा सोता येऊन आवतण दिऊन गेला की. समद्या भावकीला दिलंय म्हणाला, सोयऱ्याधायऱ्यांना बी. तुला ठावं न्हाई?"

"ठावं हाय की. या, या. सकाळीच या," विजयमाला म्हणाली. आवतण मिळालेल्या माणसाला 'येऊ नका' म्हणणारी सून अजून त्या पंचक्रोशीत जन्मायची होती. फोन ठेवला आणि ती चुलीपुढं मटकन बसली.

आता चार पाहुणे जेवायला येणार यात मटकन बसण्यासारखं काय, असं कोणी शहाणा विचारील. विचारू दे. त्या शहाण्याला एवढंच सांगायचं की उद्या सकाळी त्याच शेतावर खराडीच्या एका कंपनीची बस भरून माणसं येणार होती, आणि शेतात हुरडा होता तो त्या एका बसपुरता. आणि त्या एका रविवारावर दोन एकर जमीन लटकलेली होती.

गेनबांचं घर हडपसरच्या पुढं, मांजरीच्या अंगाला, नदीकाठचं. पुणं वाढत वाढत हडपसरला आलं, तिथं जरा टेकलं, आणि पुन्हा चालू लागलं. गाव शहरात गेलं. गाव शहरात जातं म्हणजे नक्की कुठं जातं कोण जाणे, कारण ते होतं तिथंच होतं. फक्त गेनबांच्या शेताच्या तिन्ही बाजूंना इमारती आल्या आणि चौथ्या बाजूला नदी राहिली. नदीपलीकडं खराडीच्या काचेच्या कचेऱ्या. संध्याकाळी त्या काचांवरून परतलेलं ऊन गेनबांच्या ज्वारीवर पडायचं. भावकीतल्या बहुतेकांनी जमिनी देऊन फ्लॅट घेतले होते. गेनबांचंही बरंचसं गेलं होतं. राहिलं होतं ते नदीच्या अंगाचं दोन एकर.

थोरला मुलगा आप्पासाहेब. पांढरे कपडे, पांढरी गाडी, आणि दर दोन वाक्यांमागे एका बिल्डरचं नाव. धाकटा सर्जेराव, विजयमालाचा नवरा. हा हडपसरच्या एका कारखान्यात कामाला. माणूस सोन्यासारखा, पण कोणाला 'नाही' म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. आप्पासाहेब म्हणाला, जमीन देऊन टाकू, तर हा म्हणाला, बरं. विजयमाला म्हणाली, द्यायची नाही, तर हा म्हणाला, तेही खरंच.

विजयमाला बरीच वर्षं खराडीच्या एका कचेरीला भाकरी, पिठलं, ठेचा पुरवायची. शंभरभर भाकऱ्या पहाटे बडवायच्या आणि नदीवरच्या पुलावरून न्यायच्या. तिथं तिनं एक गोष्ट पाहिली होती. ती शिकलेली पोरं भाकरी खायच्या आधी तिचा फोटो काढायची. आधी तिला हसू यायचं. मग ती विचार करायला लागली. ज्याचा फोटो काढतात त्याची ह्यांना भूक आहे, आणि ती भूक नुसत्या भाकरीनं भागायची नाही. ह्यांना चूल बघायची आहे, शेत बघायचं आहे, धुरानं डोळे चोळायचे आहेत. आपल्याकडं शेत आहे, ते ह्यांच्या खिडकीतून दिसतं. मग अडलंय कुठं?

तिथली कामकाज बघणारी रशीदा मॅडम, घोरपडे पेठेतली, बोलायला फटकळ आणि मनानं चोख. विजयमालानं तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, आयडिया बेस्ट आहे. पण मला एक रविवार दाखवा. आमच्या लोकांना आवडलं तर सीझनचे सगळे रविवार तुमचे. नाही आवडलं तर भाकरी तरी चालू राहील, काळजी करू नका."

घरात आप्पासाहेबानं अट घातली. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही अशी त्या घरची रीत, म्हणून तो समोर बसलेल्या विजयमालाबद्दल सर्जेरावाशी बोलला. "सांग तिला. एक हंगाम दिला. जमलं तर मी जमिनीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर पाडव्याला सह्या, आणि मग डोळ्याला पदर लावायचा नाही." गेनबा कोपऱ्यात तंबाखू मळत होते. त्यांना कोणी विचारलं नाही.

हुरडा थांबत नाही, हे तर कोणीही सांगेल. कणीस आठ-दहा दिवस हुरड्यात असतं, मग दाणा निबर होतो आणि त्याची साधी ज्वारी होते. सगळं शेत एकदम पेरलं तर एकच रविवार हातात. म्हणून विजयमालानं शेताचे तीन पट्टे केले आणि थोड्याथोड्या दिवसांच्या अंतरानं पेरले. गावानं खो-खो हसून घेतलं. "काय गं, पेरणी बी हप्त्यावर करत्यात व्हय आता?" चुलतसासरे सोनबा पारावरून ओरडले होते. तिनं ऐकलं आणि दुसरा पट्टा पेरला.

मग कंपनीत लावायला एक मोठा कागद छापला. त्यावर गेनबांचा फेटा बांधलेला फोटो आणि खाली अक्षरं: 'आजोबांचं आवतण – गावची खरी परंपरा अनुभवा!' गेनबांनी तो कागद हातात धरून बराच वेळ बघितला. "काय लिवलंय?" तिनं वाचून दाखवलं. "आवतण माझं व्हय?" "तुमचंच की मामा." "बरं," म्हणाले आणि फेटा नीट करत बाहेर गेले. हे 'बरं' विजयमालानं कानामागं टाकलं. तिची चूक झाली ती इथं. सासऱ्याचा फोटो घेतला, नाव घेतलं, आणि सासऱ्याला काय वाटलं ते विचारायचं राहिलं.

त्या घरात पहिला हुरडा विकत नसत आणि एकटे खातही नसत. गेनबांच्या बापापासून रीत होती. हुरड्याच्या पहिल्या रविवारी घरधन्यानं दारोदार जाऊन आवतण द्यायचं, आणि सगळ्या भावकीनं शेतावर यायचं. शेतात उसाचा जोर झाला, ज्वारी गेली, तशी ती रीतही दहा-बारा वर्षं बंद पडली. आता ज्वारी परत आली. मग आवतणही आलंच. गेनबांच्या दृष्टीनं यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. उन्हं आली की सावली येते, ती कोणी घरात सांगून येते का?

विजयमाला उठली ती तडक गोठ्यात गेली. गेनबा म्हशीला पेंड घालत होते.

"मामा, भावकीला आवतण दिलंत?"

"दिलं. कोन राहिलंय का? दत्तोबाच्या घरी कुलूप हुतं, शेजारी सांगून आलोय."

"अहो पण उद्या कंपनीची बस येणार हाय! तुम्हाला सांगितलं हुतं ना?"

"सांगितलं हुतं की. येऊ द्या. त्येंनी बी खावं, ह्येंनी बी खावं."

"मामा, हुरडा पुरायचा न्हाई! अर्धा पट्टा राघूंनी नेला. वर दोन दिवस आभाळ धरलं. बसपुरताच हाय. अहो, उद्याचं बिघडलं तर पाडव्याला शेत जातंय!"

गेनबांचा हात पेंडीत थांबला. म्हातारा वेडा नव्हता. त्यांना कळलं, आणि कळल्यावर ते आणखी ताठ झाले. "मग? दारोदार जाऊन सांगू, की मी आवतण दिलं ते खोटं? मी जित्ता असताना?"

"दुपारनं या म्हणून तरी सांगा."

"मी न्हाई सांगणार. तुझं तू बघ."

तिनं बघितलंच. सोनबांना फोन लावला आणि गोड आवाजात म्हणाली, "तात्या, उद्या जरा दुपारनं आलात तर बरं हुईल." पलीकडून सोनबा म्हणाले, "हुरडा काय दुपारनं खात्यात व्हय? तुझा सासरा सकाळचं बोललाय. सासऱ्याचं खरं धरू का तुझं?" तिनं पुढचा फोन लावलाच नाही.

मग सर्जेरावाला घेऊन ती मोटारसायकलवरून लोणीच्या पुढपर्यंत गेली. ओळखीच्या दोघा-तिघांची ज्वारी होती. एकाची अजून फुलोऱ्यात, दुसऱ्याची पार निबर. तिसऱ्याच्या शेतात कणीस हातावर चोळलं तर दाणा नखाला दाद देईना. "हेच घेऊन जाऊ की," सर्जेराव म्हणाला, "शहरातल्या माणसांना काय कळतंय?" ती अशी भडकली की बिचारा गाडी सुरू करायची विसरला. "त्येंना न्हाई कळणार, पण आत्यांना कळंल! आणि मला कळतंय त्याचं काय?" रिकाम्या हातानं दोघं परत आली. वाटभर सर्जेराव सारखं म्हणत होता, "हुईल गं, हुईल." काय होईल ते त्याला सांगता आलं नसतं.

रविवार उजाडला. भावकी आधी पोचली, आणि पोचणारच होती. हुरड्याच्या आवतणाला उशीर करणारा माणूस भावकीत नसतो. टेंपो आला, दोन जीपगाड्या आल्या, मोटारसायकलींवर तिघं-तिघं आले. इमारतीच्या आठव्या मजल्यावर राहणाऱ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. बऱ्याच वर्षांनी मातीत पाय पडत होते, तर चपला हातात घेऊन चालल्या. मथुराबाई काठी टेकत आल्या आणि बांधावर बसून रडल्याच. "बाप आठवला रं गेनबा," म्हणाल्या. गेनबा नवं धोतर नेसून सगळ्यांमध्ये फिरत होते आणि दहा वर्षांनी लहान दिसत होते.

आप्पासाहेबही आला. येणारच, तोही भावकीतलाच. आंब्याखाली खुर्ची टाकून घेतली, पायावर पाय टाकला आणि तमाशाला बसावं तसा बसला.

मग बस आली. रंगीत टोप्या, गॉगल, कडेवर पोरं. रशीदा मॅडम खाली उतरली आणि आधी तिनं गर्दी बघितली. "काकू, हे सगळे कोण?"

"आमचीच माणसं," विजयमाला म्हणाली. आता कणसं भाजायच्या आगटीपाशी कोण बसणार आणि उभं कोण राहणार? एक वाकडा शब्द निघाला असता तरी भावकी उठून गेली असती, नाहीतर बस वळली असती. आपला कचरा होणार हे ती धरूनच चालली होती.

पण गेनबा पुढं झाले. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून "या, या" म्हणाले, आणि मग भावकीकडं वळून मोठ्यानं बोलले, "परका पाव्हणा आधी. मग सोयरा. भावकी मागनं." एवढंच. ही रीत भावकीला शिकवायची गरज नव्हती. सोनबा उठले, धोतर खोचलं आणि आगटीपाशी जाऊन बसले. गोवऱ्यांचा निखारा फुललेला होता. त्यांनी कणसं खुपसली. बायकांनी पोती अंथरली आणि भाजलेली कणसं चोळायला घेतली. पहिलं कणीस गेनबांनी स्वतः भाजलं, स्वतःच्या तळहातावर चोळलं, फुंकर घातली आणि कोवळे हिरवे दाणे रशीदाच्या हातावर ठेवले. रशीदानं तोंडात टाकले आणि डोळे मिटले.

"आई गं," ती म्हणाली, "हे एवढी वर्षं कुठं होतं?"

"हितंच हुतं. नदीच्या अल्याड," गेनबा म्हणाले.

आणि काय रंगलं म्हणता! एका पोरानं गरम कणीस हातात धरलं आणि नाचायला लागला. मथुराबाई कडाडल्या, "अरं फुक मार मेल्या, फोटू काय काढतोस!" सगळी बस हसली. तो पोरगा पुढं तासभर मथुराबाईंच्या पायाशी बसला आणि 'आजी, आजी' करत खात राहिला. पैसे मोजून माणसं आणली असती तरी असा दिवस जमला नसता. विजयमालाच्या जिवात जीव आला. भावकीनं तिचा रविवार खांद्यावर उचलला होता.

फक्त ती सारखी ढिगाकडं बघत होती. कणसांचा ढीग भराभर उतरत होता. भावकी वाढायला बसली होती आणि भावकीचं वाढणं म्हणजे आग्रह. "घे की! एवढ्यानं काय हुतंय? तरणाताठा गडी तू!" बिचाऱ्या पोरांना 'पुरे' म्हणायची सोय नव्हती. आणि वाढणाऱ्यांपैकी एकानंही अजून दाणा तोंडात टाकला नव्हता.

सर्जेराव शेतातून पाटी घेऊन आला. कानाशी येऊन म्हणाला, "पट्टा संपला. ही शेवटची."

"ती आत्यांना ठेवा. पोत्याखाली झाका."

त्यानं झाकली. पण सोनबांची नजर घारीची. "काय गं, पाव्हणं मागत्यात आणि तू लपीवतीस? बापजन्मात असं बघितलं न्हाई!" त्यांनीच पाटी ओढली आणि आगटीत रिकामी केली. ती कणसंही बसच्या पोटात गेली. विजयमाला बघत राहिली. आपल्याच वाट्याचा घास सोनबा दुसऱ्याला भरवत होते, आणि त्यांना ते सांगायचं कसं?

बस निघायच्या आधी रशीदानं तिला बाजूला घेतलं. "काकू, डन. सगळे रविवार. पुढचा सोडा, तुमचा दुसरा पट्टा तयार झाला की त्या रविवारपासून. आणखी दोन कंपन्यांना मी आत्ताच फोटो पाठवलेत. फक्त एक, ही सगळी मंडळी अशीच पाहिजेत हं. सेम टू सेम." विजयमालाला वाटलं तिला मिठी मारावी. शेत राहिलं! पाडव्याला आप्पासाहेबाच्या तोंडावर सांगता येईल, शेत राहिलं! बस धुरळा उडवत गेली आणि ती हसत मागं वळली.

मागं भावकी बसली होती. आता आपली पाळी म्हणून पोरं आगटीभोवती जमली होती. बायकांनी हात पुसले होते. मथुराबाईंच्या पुढ्यात द्रोणात चटणी होती, गूळ होता, आणि हुरडा नव्हता. सगळे गेनबांकडं बघत होते.

गेनबांनी ढिगाच्या जागी बघितलं, तिथं नुसता पाला होता. मग त्यांनी आंब्याला अडकवलेला विळा काढला आणि दुसऱ्या पट्ट्याकडं चालू लागले.

विजयमाला धावली. पट्ट्याच्या तोंडाशी आडवी झाली. "मामा, ह्यो पट्टा चिकात हाय! दाणाच भरला न्हाई अजून!"

"चिकातलं बी भाजतंय. सर बाजूला."

"मामा, ह्येच्यावर पुढचे रविवार हायेत. आत्ताच शब्द दिलाय मी त्येंना!"

"मी बी दिलाय," गेनबा म्हणाले. "म्या आधी दिलाय. माझी बहीण उपाशी बसलीय."

आंब्याखालून आप्पासाहेब उठला. आवाज खणखणीत निघाला. "कापा आबा, कापा. आवतण तुमचं, शेत तुमचं. कोणाला विचारायचं?" त्याच्या तोंडावर हसू होतं, आणि ते कशाचं हे विजयमालाला पक्कं माहीत होतं. हा पट्टा आडवा झाला की हंगाम गेला, हंगाम गेला की सह्या. तिनं नवऱ्याकडं बघितलं. सर्जेराव मान खाली घालून पायानं माती उकरत होता.

गेनबांनी ज्वारीच्या पहिल्या ताटाला हात घातला आणि विजयमालानं त्यांचं मनगट धरलं.

वीस वर्षांत सुनेनं सासऱ्याच्या पायांखेरीज कशाला हात लावला नव्हता. सगळी भावकी बघत होती. तिला वाटलं होतं, म्हातारा झटका देईल, ओरडेल, शिवी घालेल. त्याची तिची तयारी होती. पण मनगट सैल पडलं. जोर लावायची वेळच आली नाही. विळा तिच्या हातात आला.

"बरं बाई," गेनबा हळू म्हणाले, "शेत तुझं हाय."

ते बहिणीजवळ जाऊन मातीत बसले. "आक्का, माझं आवतण खोटं झालं गं." मथुराबाई म्हणाल्या, "असू दे रं. माझ्या तोंडात दात तरी कुठं हायेत?" त्यांनी विजयमालाकडून पिठलं-भाकरी मागून घेतली आणि भावाला वाईट वाटू नये म्हणून चतकोर खाल्लीही. बाकीचे उठले. भांडण कोणी केलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. सोनबा जाताना एवढंच म्हणाले, "छान झालं. डोळं भरून बघाय मिळालं."

हंगाम मात्र जमला. दुसरा पट्टा जमला, तिसराही. रविवारी बसगाड्या लागायला लागल्या. भावकी काही परत आली नाही, पण गावातल्या चार बायका भाकऱ्या बडवायला आल्या, एकाची बैलगाडी चालली, कुंभाराचे द्रोणाएवढे वाडगे खपले. पाडवा आला आणि गेला. आप्पासाहेब शब्दाला जागला, एवढं त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. जमिनीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

गेनबा रविवारी शेतावर येईनासे झाले. सकाळीच उठून देवळात जाऊन बसायचे ते बस गेल्यावर परत यायचे. पाहुणे विचारायचे, "कागदावरचे आजोबा कुठं आहेत?" विजयमाला सांगायची, त्यांना बरं नाही. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली, नंतर सवय झाली.

पुढच्या वर्षी पेरणीच्या वेळीच तिनं ठरवलं. पहिला रविवार कोणाला द्यायचा नाही. रशीदाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे काकू. मी बघते." कणसं भरली तशी विजयमाला सासऱ्यांपुढं जाऊन उभी राहिली. "मामा, आवतण द्यायला चला." गेनबा मान हलवत म्हणाले, "माझं तोंड न्हाई आता. तू जा. शेत तुझं, आवतण तुझं."

ती गेली. इमारतींचे जिने चढली, दारं वाजवली, कुंकू लावलं. सगळ्यांनी चहा पाजला. "बघू, जमलं तर येऊ," म्हणाले. सोनबांनी विचारलं, "टोप्या तुमच्याकडनं मिळत्यात का घरून आणायच्या?" ती हसली, आणि जिना उतरताना डोळे पुसले. म्हटलं, चिडलेत, चिडू देत. चिडणारा माणूस आपलाच असतो, आज ना उद्या येईल.

सगळ्यांत शेवटी लोणी काळभोरला गेली. मथुराबाई उन्हाला बसल्या होत्या. त्यांच्या मनात राग बिग काही नव्हता. पोरीला बघून त्यांचा चेहरा फुलला. विजयमालानं पाया पडून सांगितलं, "आत्या, रविवारी पहिला हुरडा हाय. समद्यांना घेऊन यायचं."

"यीन की गं. का न्हाई येणार?" मथुराबाई म्हणाल्या आणि कनवटीची पिशवी चाचपडायला लागल्या. "पण नातसुनांचं जमायचं न्हाई बघ. घरात एकटाच मिळवता. मी एकलीच यीन." पिशवीची नाडी सुटता सुटेना. "माणशी किती घेतीस गं? माझं जरा कमी लाव. म्हातारं माणूस मी, किती खाणार?"

"आत्या, मी आवतण द्यायला आलेय."

"व्हय की बाई. म्हणून तर इचारतीय."

विजयमालाला रडू आवरलं नाही, आणि ही अशी का रडतेय हे म्हातारीला काही केल्या कळेना.